कीस्टोन एक्सएल तेलवाहिनी

कीस्टोन एक्सएल ही कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील हार्डिस्टी येथून अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील स्टील सिटीपर्यंत खनिज तेल वाहून नेण्यासाठी योजलेली आणि अखेरीस रद्द झालेली तेलवाहिनी होय. तिची नियोजित लांबी १,८९७ किलोमीटर, व्यास ३६ इंच आणि वहनक्षमता दररोज ८,३०,००० बॅरल इतकी होती (एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर). कॅलगरी येथील ट्रान्सकॅनडा या कंपनीने (२०१९ पासून नाव टीसी एनर्जी) सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकी सरकारकडे तिच्यासाठी अर्ज केला आणि जून २०२१ मध्ये प्रकल्प कायमचा सोडून दिला. मधल्या पावणेतेरा वर्षांत राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी तिचा परवाना दोनदा नाकारला, डॉनल्ड ट्रम्प यांनी तो दोनदा दिला आणि ज्यो बायडेन यांनी पदग्रहणाच्या पहिल्याच दिवशी तो काढून घेतला. हवामानबदल, ऊर्जासुरक्षा, रोजगार, शेतकऱ्यांचे जमिनीवरील हक्क आणि मूळनिवासी जमातींशी झालेले करार असे अनेक प्रश्न या एका तेलवाहिनीभोवती एकवटले. त्यामुळे सीमापार तेलवाहिन्यांच्या वादाचे हे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण मानले जाते.

कीस्टोन प्रणाली आणि नियोजित मार्ग

'कीस्टोन' आणि 'कीस्टोन एक्सएल' या नावांत अनेकदा गल्लत होते. कीस्टोन ही प्रत्यक्षात बांधलेली व आजही चालू असलेली तेलवाहिनी आहे. तिच्या सीमापार टप्प्याला मार्च २००८ मध्ये, जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कारकिर्दीत परवाना मिळाला. हार्डिस्टीहून स्टील सिटीमार्गे इलिनॉय राज्यातील वुड रिव्हर व पटोका येथपर्यंत जाणारा पहिला टप्पा २०१० मध्ये सुरू झाला. स्टील सिटीपासून ओक्लाहोमा राज्यातील कुशिंगपर्यंतचा दुसरा टप्पा २०११ मध्ये, तर कुशिंगपासून टेक्सासच्या किनाऱ्यापर्यंतचा तिसरा टप्पा जानेवारी २०१४ मध्ये कार्यान्वित झाला.

कीस्टोन एक्सएल हा या प्रणालीचा चौथा टप्पा होता. जुनी वाहिनी हार्डिस्टीहून आधी पूर्वेकडे मॅनिटोबा प्रांतात जाते आणि मग दक्षिणेकडे वळते. नवी वाहिनी मात्र आग्नेय दिशेने थेट मॉन्टाना राज्यात शिरून साउथ डकोटामार्गे नेब्रास्कात पोहोचणार होती. मॉन्टानातील बेकर येथे बाकेन खडकस्तरातील अमेरिकी तेलही तिच्यात सोडण्याची योजना होती. मूळ प्रस्तावात टेक्सासपर्यंतचा दक्षिण भागही कीस्टोन एक्सएलमध्येच समाविष्ट होता. पुढे तो वेगळा काढण्यात आला. दक्षिण भाग आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडत नसल्यामुळे त्याला राष्ट्राध्यक्षांच्या परवान्याची गरज नव्हती आणि तो निर्विघ्नपणे नसला, तरी वेळेत पूर्ण झाला. हा फरक संपूर्ण वाद समजून घेण्यास उपयुक्त आहे.

तेलवाळूतील तेल

आल्बर्टाच्या उत्तर भागात, विशेषतः अथाबास्का नदीच्या खोऱ्यात, वाळू, चिकणमाती, पाणी आणि बिट्युमेन यांचे मिश्रण असलेले विस्तीर्ण साठे आहेत. त्यांना तेलवाळू म्हणतात. बिट्युमेन हा डांबरासारखा अतिशय घट्ट पदार्थ असून तो सामान्य तेलविहिरीतून आपोआप वाहत वर येत नाही. साठा पृष्ठभागाजवळ असेल तेथे उघड्या खाणी खोदून वाळू काढतात व गरम पाण्याने तेल वेगळे करतात. परंतु बहुतांश साठा खोलवर आहे. तेथे जमिनीत वाफ सोडून बिट्युमेन पातळ करावे लागते व मग ते वर खेचले जाते. वाफ निर्माण करण्यासाठी मोठ्या प्रमाणावर नैसर्गिक वायू जाळला जातो. तेलवाळूच्या तेलाचे कार्बन उत्सर्जन अधिक असण्याचे हे प्रमुख कारण आहे.

वर काढलेले बिट्युमेनही तेलवाहिनीतून सहज वाहत नाही. त्यात हलके द्रव हायड्रोकार्बन मिसळून ते विरल करावे लागते. अशा विरल बिट्युमेनचे शुद्धीकरण सर्व कारखान्यांत होत नाही. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरील टेक्सास व लुइझियाना येथील अनेक शुद्धीकरण कारखाने मात्र जड तेलासाठीच उभारलेले आहेत. व्हेनेझुएला व मेक्सिको येथून येणारे जड तेल कमी होत असताना या कारखान्यांना कॅनडाचे तेल हवे होते. आल्बर्टाला समुद्रकिनारा नसल्यामुळे त्यालाही बाजारपेठेपर्यंत जाण्याचा मार्ग हवा होता. प्रकल्पामागील व्यापारी गणित थोडक्यात असे होते.

सीमेवरील परवाना

अमेरिकेत नैसर्गिक वायूच्या आंतरराज्य वाहिन्यांना संघराज्य सरकारच्या ऊर्जा नियामक आयोगाची मान्यता लागते. खनिज तेलाच्या वाहिन्यांचा मार्ग ठरवण्याचा असा एकत्रित अधिकार कोणत्याही संघीय संस्थेकडे नाही. तो विषय मुख्यतः राज्यांच्या कायद्यांवर सोपवलेला आहे. मात्र तेलवाहिनी आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडत असेल, तर राष्ट्राध्यक्षांच्या नावाने परवाना घ्यावा लागतो. १९६८ मधील आणि २००४ मधील कार्यकारी आदेशांन्वये हे अर्ज तपासण्याचे काम परराष्ट्र खात्याकडे देण्यात आले होते. प्रकल्प 'राष्ट्रहिताचा' आहे किंवा नाही, ही त्यासाठीची कसोटी होती. राष्ट्रहित म्हणजे नेमके काय, याची कायदेशीर व्याख्या नव्हती.

वर्षानुवर्षे ही प्रक्रिया औपचारिक स्वरूपाची मानली जात असे. ओबामा सरकारनेच ऑगस्ट २००९ मध्ये आल्बर्टातून तेल आणणाऱ्या 'आल्बर्टा क्लिपर' या दुसऱ्या वाहिनीला फारसा गाजावाजा न होता परवाना दिला होता. कीस्टोन एक्सएलच्या बाबतीत मात्र सीमेवरील या एका परवान्यावर सुमारे १,९०० किलोमीटरच्या प्रकल्पाचे भवितव्य अवलंबून राहिले. राज्याराज्यांत विखुरलेल्या विरोधाला या परवान्यामुळे एकच लक्ष्य आणि निर्णय घेणारी एकच व्यक्ती मिळाली.

समर्थकांची बाजू

प्रकल्पाच्या समर्थकांत कॅनडाचे व आल्बर्टाचे सरकार, तेल उद्योग, अमेरिकेतील रिपब्लिकन पक्ष, डेमोक्रॅटिक पक्षाचे काही लोकप्रतिनिधी आणि बांधकाम कामगारांच्या अनेक संघटना होत्या. कॅनडाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी प्रकल्पाचा जोरदार पुरस्कार केला. २०१५ मध्ये सत्तेवर आलेल्या जस्टिन त्रुदो यांनीही त्याला पाठिंबा कायम ठेवला. समर्थकांचे प्रमुख मुद्दे पुढीलप्रमाणे होते.

ऊर्जासुरक्षा : अमेरिकेला तेल आयात करावेच लागणार असेल, तर ते दूरच्या व अस्थिर देशांऐवजी शेजारच्या मित्रराष्ट्राकडून घेणे हिताचे आहे.

रोजगार : परराष्ट्र खात्याच्या जानेवारी २०१४ च्या अहवालानुसार बांधकामाच्या काळात प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून सुमारे ४२,१०० रोजगारांना आधार मिळाला असता. त्यातील थेट बांधकामाचे रोजगार वर्षाच्या हिशेबाने सुमारे ३,९०० होते. वाहिनी सुरू झाल्यानंतर मात्र सुमारे ५० जणांनाच काम मिळणार होते. समर्थक पहिल्या आकड्याचा व विरोधक शेवटच्या आकड्याचा उल्लेख करीत. दोन्ही आकडे एकाच अहवालातील होते.

वाहतुकीची सुरक्षितता : वाहिनी न बांधल्यास तेल जमिनीतच राहणार नाही, तर ते रेल्वेने जाईल, असा समर्थकांचा युक्तिवाद होता. ६ जुलै २०१३ रोजी क्वेबेक प्रांतातील लाक-मेगांतिक या गावात बाकेन तेलाने भरलेली मालगाडी रुळांवरून घसरून लागलेल्या आगीत ४७ जण मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेनंतर त्या युक्तिवादाला धार आली.

महसूल : मार्गावरील ग्रामीण परगण्यांना मालमत्ता कराचे उत्पन्न मिळाले असते. तसेच वाहिन्यांच्या तुटवड्यामुळे आल्बर्टाच्या तेलाला जी कमी किंमत मिळत असे, ती तफावत घटली असती.

विरोधकांची बाजू

हवामानबदल : परराष्ट्र खात्याच्या अहवालानुसार, उत्खननापासून ज्वलनापर्यंतचा हिशेब धरल्यास तेलवाळूच्या तेलामुळे होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन २००५ मध्ये अमेरिकेत शुद्ध होणाऱ्या सरासरी तेलापेक्षा सुमारे १७ टक्के अधिक होते. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी तेलवाळूच्या पूर्ण वापराचे परिणाम भीषण ठरतील, असा इशारा दिला. लेखक व कार्यकर्ते बिल मकिबेन आणि त्यांची '३५० डॉट ऑर्ग' ही संघटना आंदोलनाच्या अग्रभागी होती. अनेक दशके चालणारी वाहिनी एकदा उभी राहिली की तेवढी दशके त्या तेलाचा वापरही निश्चित होतो, हा त्यांच्या विरोधाचा गाभा होता.

पाणी : मूळ मार्ग नेब्रास्कातील सँडहिल्स या प्रदेशातून जात होता. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्यांचा हा प्रदेश असून तेथे भूजल अनेक ठिकाणी पृष्ठभागाच्या अगदी जवळ आहे. त्याखाली ओगलाला हा आठ राज्यांत पसरलेला विशाल भूजलसाठा आहे. पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी या साठ्यावर मोठी लोकसंख्या अवलंबून आहे. जुलै २०१० मध्ये मिशिगन राज्यात एन्ब्रिज कंपनीची वाहिनी फुटून विरल बिट्युमेन कॅलमझू नदीत गेले. त्यातील हलका भाग उडून गेल्यावर जड बिट्युमेन नदीच्या तळाशी बसले. ते काढण्याचे काम अनेक वर्षे चालले व खर्च १ अब्ज डॉलरच्या पुढे गेला. त्यामुळे नेब्रास्कातील शेतकऱ्यांची भीती केवळ काल्पनिक राहिली नाही.

जमीन : मार्गावरील बहुतेक जमीनमालकांनी मोबदला घेऊन कंपनीशी करार केले. काहींनी मात्र नकार दिला. त्यांच्याविरुद्ध सक्तीच्या भूसंपादनाचा मार्ग अवलंबण्यात आला. परदेशी खासगी कंपनीला स्थानिक शेतकऱ्याची जमीन त्याच्या इच्छेविरुद्ध घेता यावी काय, हा प्रश्न पर्यावरणवादाशी काहीही संबंध नसलेल्या, राजकीयदृष्ट्या रूढिप्रिय शेतकऱ्यांनाही भिडला. 'बोल्ड नेब्रास्का' ही संघटना व तिच्या संस्थापक जेन क्लीब यांनी हा असंतोष संघटित केला.

मूळनिवासी जमाती : साउथ डकोटातील रोझबड सू जमात व मॉन्टानातील फोर्ट बेल्कनॅप येथील जमातींनी एकोणिसाव्या शतकात अमेरिकी सरकारशी झालेल्या करारांचा आधार घेऊन न्यायालयात दावे दाखल केले. एप्रिल २०१४ मध्ये शेतकरी, पशुपालक आणि मूळनिवासी यांच्या 'काउबॉय अँड इंडियन अलायन्स' या आघाडीने वॉशिंग्टनमध्ये तंबू ठोकून निदर्शने केली. पाँका जमातीला १८७७ मध्ये नेब्रास्कातून सक्तीने हलवण्यात आले होते. त्या जमातीच्या पारंपरिक मक्याचे बियाणे २०१४ पासून नियोजित मार्गावरील एका शेतात पेरले जाऊ लागले. २०१८ मध्ये त्या शेतातील सुमारे दीड एकर जमीन मालकांनी पाँका जमातीच्या नावे करून दिली.

मूळनिवासींचे मत सर्वत्र एकसारखे नव्हते. कॅनडातील काही जमातींच्या 'नॅचरल लॉ एनर्जी' या गटाने २०२० मध्ये प्रकल्पात १ अब्ज कॅनेडियन डॉलरपर्यंत गुंतवणूक करण्याचा करार केला होता.

घटनाक्रम

पहिला नकार (२००८ ते २०१२)

कॅनडाच्या राष्ट्रीय ऊर्जा मंडळाने मार्च २०१० मध्ये प्रकल्पाला मान्यता दिली. अमेरिकेतही ती मिळेल अशी सार्वत्रिक अपेक्षा होती. तत्कालीन परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये अनुकूल कल सूचित केला होता. ऑगस्ट २०११ मध्ये परिस्थिती पालटली. व्हाइट हाउससमोर दोन आठवडे चाललेल्या सविनय कायदेभंगात बाराशेहून अधिक जणांना अटक झाली. ६ नोव्हेंबर २०११ रोजी हजारो निदर्शकांनी व्हाइट हाउसभोवती कडे केले. याच सुमारास नेब्रास्काचे रिपब्लिकन गव्हर्नर डेव्ह हाइनमन यांनी सँडहिल्समधून जाणाऱ्या मार्गाला विरोध करून विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलावले. परराष्ट्र खात्याने पर्यायी मार्गाच्या अभ्यासासाठी निर्णय लांबणीवर टाकला. त्यावर काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) डिसेंबर २०११ मध्ये ६० दिवसांत निर्णय घेण्याचे बंधन घातले. एवढ्या अवधीत पुरेसा अभ्यास शक्य नसल्याचे कारण देऊन ओबामा यांनी १८ जानेवारी २०१२ रोजी परवाना नाकारला. दोन महिन्यांनी मात्र त्यांनी कुशिंग येथे जाऊन दक्षिण भागाला पाठिंबा जाहीर केला.

नेब्रास्कातील पेच (२०१२ ते २०१५)

कंपनीने मे २०१२ मध्ये नव्याने अर्ज केला. नेब्रास्का विधिमंडळाने त्याच वर्षी मार्गाला मान्यता देण्याचा अधिकार गव्हर्नरांना देणारा कायदा केला आणि हाइनमन यांनी जानेवारी २०१३ मध्ये सुधारित मार्ग मंजूर केला. जमीनमालकांनी या कायद्याला आव्हान दिले. जानेवारी २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील सातपैकी चार न्यायाधीशांनी कायदा घटनाबाह्य ठरवला. परंतु नेब्रास्काच्या राज्यघटनेनुसार कायदा रद्द करण्यासाठी पाच न्यायाधीशांचे एकमत आवश्यक असल्यामुळे कायदा टिकला.

नकाराधिकार आणि दुसरा नकार (२०१३ ते २०१५)

जून २०१३ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठातील भाषणात ओबामा यांनी कार्बन प्रदूषणात लक्षणीय वाढ होणार नसेल तरच प्रकल्प राष्ट्रहिताचा ठरेल, अशी कसोटी मांडली. जानेवारी २०१४ च्या अहवालाने तेलवाळूच्या उत्खननाच्या वेगावर या वाहिनीचा फारसा परिणाम होण्याची शक्यता नाही, असा निष्कर्ष काढला. मात्र तेलाचे भाव दीर्घकाळ बॅरलमागे ६५ ते ७५ डॉलरच्या दरम्यान राहिल्यास वाहतुकीचा खर्च निर्णायक ठरू शकेल, असेही त्यात नमूद होते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने याच मुद्द्याकडे लक्ष वेधले.

नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रकल्पाला थेट मंजुरी देणारे विधेयक सेनेटमध्ये ५९ विरुद्ध ४१ अशा मतांनी, आवश्यक ६० मतांना एक मत कमी पडल्यामुळे अडले. २०१५ च्या आरंभी नव्या काँग्रेसने ते दोन्ही सभागृहांत संमत केले. ओबामा यांनी २४ फेब्रुवारी २०१५ रोजी नकाराधिकार वापरला. तो रद्द ठरवण्यासाठी लागणारे दोनतृतीयांश बहुमत सेनेटमध्ये मिळाले नाही. परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांच्या शिफारशीनुसार ६ नोव्हेंबर २०१५ रोजी परवाना दुसऱ्यांदा नाकारण्यात आला. पॅरिस हवामान परिषद अवघ्या काही आठवड्यांवर आली होती. अमेरिकेच्या हवामानविषयक नेतृत्वाला बाधा येईल, हे नकाराचे एक कारण देण्यात आले. त्याच वेळी राजकीय चर्चेत या वाहिनीला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व मिळाले, असेही ओबामा यांनी सांगितले.

ट्रम्प यांचे परवाने आणि न्यायालये (२०१७ ते २०२०)

ट्रम्प यांनी २४ जानेवारी २०१७ रोजी कंपनीला पुन्हा अर्ज करण्याचे निमंत्रण दिले व मार्चमध्ये परवाना देण्यात आला. नेब्रास्काच्या सार्वजनिक सेवा आयोगाने २० नोव्हेंबर २०१७ रोजी ३ विरुद्ध २ मतांनी मार्ग मंजूर केला. परंतु तो कंपनीने मागितलेला मार्ग नव्हता, तर पर्यायी मार्ग होता. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी मॉन्टानातील संघीय न्यायाधीश ब्रायन मॉरिस यांनी परवाना रद्द केला. आधीच्या सरकारचे हवामानविषयक निष्कर्ष बाजूला सारताना नव्या सरकारने त्याची तर्कसंगत कारणमीमांसा दिली नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. ट्रम्प यांनी मार्च २०१९ मध्ये परराष्ट्र खात्याला वगळून स्वतःच्या सहीने नवा परवाना दिला.

मार्च २०२० मध्ये जेसन केनी यांच्या आल्बर्टा सरकारने प्रकल्पात सुमारे १.५ अब्ज कॅनेडियन डॉलर गुंतवण्याचे व ६ अब्ज कॅनेडियन डॉलरच्या कर्जाला हमी देण्याचे जाहीर केले. त्यानंतर मॉन्टानाच्या सीमेवर सुमारे दोन किलोमीटर लांबीचा तुकडा टाकण्यात आला. एप्रिल २०२० मध्ये मॉरिस यांच्या न्यायालयाने नद्या-नाले ओलांडण्यासाठीचा सर्वसाधारण परवाना रोखला. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर वाहिन्यांना सवलत दिली, पण कीस्टोन एक्सएलवरील निर्बंध कायम ठेवला.

अखेर (२०२१)

बायडेन यांनी निवडणुकीपूर्वीच परवाना रद्द करण्याचे आश्वासन दिले होते. २० जानेवारी २०२१ रोजी काढलेल्या कार्यकारी आदेशाद्वारे त्यांनी ते पाळले. कंपनीने तत्काळ काम थांबवले व हजाराहून अधिक कामगारांची, मुख्यतः बांधकाम कामगारांची, कामे गेली. ९ जून २०२१ रोजी टीसी एनर्जी व आल्बर्टा सरकार यांनी प्रकल्प संपुष्टात आल्याचे घोषित केले.

नुकसान आणि लवाद

टीसी एनर्जीने २०२१ मध्ये या प्रकल्पापोटी करोत्तर सुमारे २.२ अब्ज कॅनेडियन डॉलरचे नुकसान हिशेबात दाखवले. आल्बर्टाच्या करदात्यांचे नुकसान सुमारे १.३ अब्ज कॅनेडियन डॉलर होते. परवाना राजकीय वादाच्या भोवऱ्यात असताना सार्वजनिक पैसा गुंतवावा काय, यावर आल्बर्टात तीव्र टीका झाली.

कंपनीने २०१६ मध्येच उत्तर अमेरिका मुक्त व्यापार कराराखाली (नाफ्टा) अमेरिकेकडे १५ अब्ज डॉलरची भरपाई मागितली होती. ट्रम्प यांनी परवाना दिल्यावर तो दावा मागे घेण्यात आला. २०२१ मध्ये तितक्याच रकमेचा दावा पुन्हा करण्यात आला. परंतु दरम्यान, जुलै २०२० मध्ये, नाफ्टाच्या जागी नवा करार आला होता. जुना करार संपल्यानंतरच्या कृतीवर निर्णय देण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे सांगून लवादाने जुलै २०२४ मध्ये दावा फेटाळला.

कीस्टोन वाहिनीवरील गळती

एक्सएलचा वाद चालू असताना मूळ कीस्टोन वाहिनीतून अनेकदा गळती झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये साउथ डकोटातील ॲमहर्स्टजवळ आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये नॉर्थ डकोटातील एडिनबर्गजवळ हजारो बॅरल तेल सांडले. यांपैकी पहिली घटना नेब्रास्का आयोगाच्या निर्णयाच्या केवळ चार दिवस आधी घडली. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०२१ मधील अहवालानुसार २०१० ते २०२० या काळात या वाहिनीवर २२ अपघात झाले. अपघातांची संख्या इतर तेलवाहिन्यांच्या तुलनेत वेगळी नसली, तरी अलीकडील गळतींची तीव्रता वाढल्याचे अहवालात म्हटले होते. ७ डिसेंबर २०२२ रोजी कॅन्सस राज्यातील वॉशिंग्टन परगण्यात सुमारे १३,००० बॅरल तेल मिल क्रीक या ओढ्यात व परिसरात सांडले. ही कीस्टोनच्या इतिहासातील सर्वांत मोठी गळती होती.

इतर तेलवाहिन्यांशी तुलना

त्याच काळातील इतर प्रकल्पांचे भवितव्य वेगवेगळे ठरले. आल्बर्टातून प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावर जाणारी नॉर्दर्न गेटवे वाहिनी त्रुदो सरकारने नोव्हेंबर २०१६ मध्ये नाकारली. पूर्व कॅनडाकडे जाणारी एनर्जी ईस्ट वाहिनी कंपनीनेच ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडून दिली. ट्रान्स माउंटन वाहिनी मात्र कॅनडा सरकारने २०१८ मध्ये ४.५ अब्ज कॅनेडियन डॉलरला विकत घेतली. तिचे विस्तारित रूप मे २०२४ मध्ये सुरू झाले, तोवर विस्ताराचा खर्च सुमारे ३४ अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेला होता. मिनेसोटातून जाणारी एन्ब्रिजची 'लाइन ३' ही सीमापार वाहिनी आंदोलने होऊनही ऑक्टोबर २०२१ मध्ये नव्याने बांधून पूर्ण झाली. बायडेन सरकारने तिला आडकाठी केली नाही.

मिशिगनमधील 'लाइन ५' चा वाद उलट दिशेचा आहे. १९५३ पासून चालू असलेली ही वाहिनी मॅकिनॉ सामुद्रधुनीच्या तळावरून जाते. ती बंद करण्याचा आदेश गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये दिला. त्याविरुद्ध कॅनडा सरकारने २०२१ मध्ये दोन्ही देशांतील १९७७ च्या वाहिनीविषयक कराराचा आधार घेतला. न बांधलेली वाहिनी अडवणे आणि चालू वाहिनी थांबवणे यांतील कायदेशीर अंतर या उदाहरणातून दिसते.

मूल्यमापन

कीस्टोन एक्सएल रद्द झाल्याने कॅनडातून अमेरिकेत येणारे तेल घटले नाही. विस्तारित जुन्या वाहिन्या व रेल्वे यांच्याद्वारे ते वाढतच गेले आणि २०२४ मध्ये दररोज सुमारे ४० लाख बॅरलवर पोहोचले. यावरून विरोध निष्फळ ठरला, असे समर्थक म्हणतात. याउलट, वाहिन्यांच्या अभावामुळे तेलवाळूतील अनेक नवे प्रकल्प मागे पडले आणि तेल प्रकल्पांचा हवामानावरील परिणाम परवान्याच्या निर्णयात विचारात घेण्याचा पायंडा पडला, असे विरोधक दाखवून देतात. वाहिन्यांच्या तुटवड्याची झळ प्रत्यक्ष होती. २०१८ च्या अखेरीस आल्बर्टाच्या जड तेलाचा भाव अमेरिकी तेलापेक्षा बॅरलमागे ४० डॉलरहून अधिक खाली गेला आणि जानेवारी २०१९ पासून प्रांतिक सरकारला उत्पादनावर मर्यादा घालावी लागली. अर्थात, २०१४ नंतरची भावातील घसरण आणि अमेरिकेतील शेल तेलाची वाढ यांचाही परिणाम त्यात मिसळलेला असल्यामुळे केवळ या एका वाहिनीचा वाटा वेगळा काढणे कठीण आहे.

प्रक्रियेविषयी मात्र दोन्ही बाजूंची तक्रार मिळतीजुळती आहे. परवाना देणे व काढून घेणे हे पूर्णतः राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीत राहिल्यामुळे प्रत्येक सत्तांतरासोबत निर्णय उलटत गेला. गुंतवणूकदारांना खात्री मिळाली नाही. जमीनमालकांना आपल्या शेतातून वाहिनी जाणार की नाही, हे दशकभर कळले नाही. ज्या कामगारांना काम मिळाले त्यांचेही ते अचानक गेले. वाहिनी बांधण्याच्या अथवा न बांधण्याच्या निर्णयाची किंमत असते, तशी दीर्घकाळच्या अनिश्चिततेचीही असते आणि ती मुख्यतः मार्गावरील माणसांना मोजावी लागते.

सद्यस्थिती

ऑक्टोबर २०२४ मध्ये टीसी एनर्जीने आपला तेलवाहिन्यांचा व्यवसाय 'साउथ बो' या स्वतंत्र कंपनीकडे सोपवला. मूळ कीस्टोन वाहिनी आता त्या कंपनीकडे आहे. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ट्रम्प यांनी बायडेन यांचा २०२१ चा आदेश रद्द केला व फेब्रुवारीत कीस्टोन एक्सएल पुन्हा बांधली जावी अशी इच्छा जाहीर केली. परवाना देण्याचे व काढून घेण्याचे अधिकार अजूनही राष्ट्राध्यक्षांकडेच आहेत. त्यामुळे सीमापार तेलवाहिन्यांविषयीचा हा मूलभूत प्रश्न अद्याप सुटलेला नाही.